आईची गाठ तालुक्याला काढली, रिपोर्ट कॅन्सरचा आलाय. बार्शी की मुंबई?

सीनाकाठचा

नमस्कार मंडळी, इथं पहिल्यांदाच लिहायलोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी परांडा तालुक्यातला. घरी तीन एकर, त्यातलं दीड बागायत. मी बारामतीला एका कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. आई ५२ वर्षांची. दिवाळीच्या आधी तिला डाव्या छातीत गाठ हाताला लागली होती पण कुणालाच बोलली नाही, दुखत नव्हती म्हणून. आता विचारलं तर म्हणते दुखली असती तर सांगितलं असतं की रे. संक्रांतीला बहीण माहेरी आली तेव्हा रात्री झोपताना तिच्यापाशी बोलली, आणि बहिणीनं दुसऱ्याच दिवशी तालुक्याला दाखवायला नेलं.

तिथल्या सर्जननं हात लावून बघितलं, साधी गाठ आहे म्हणाले, काढून टाकू. सुई नाही, सोनोग्राफी नाही, अर्ध्या तासात काढली आणि संध्याकाळी घरी. गाठ तपासायला पाठवा हे बहिणीनंच लावून धरलं, डॉक्टर म्हणाले गरज नाही तरी पाठवतो. बारा दिवसांनी सोलापूरच्या लॅबचा रिपोर्ट आला. इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा, ग्रेड टू, २.६ सेंटीमीटर, मार्जिनबद्दल सांगता येत नाही असं काहीतरी लिहिलंय. डॉक्टरांनी कागद हातात दिला आणि म्हणाले टाटाला जा. बास, पुढं एक शब्द नाही.

आता घरात ज्याचं त्याचं वेगळंच चालू आहे. मामा म्हणायलेत मुंबईशिवाय पर्याय नाही. चुलते म्हणायलेत गाठीला लोखंड लावलंच कशाला, आता अंगभर पसरणार. आणि आई म्हणते आधी ज्वारी काढू, मग बघू काय ते.

आम्हाला बार्शी तासाभरावर आहे, मुंबई म्हणजे कुर्डुवाडीहून रात्रीची गाडी. रेशनकार्ड केशरी आहे पण त्यावर आईचं माहेरचं नाव आहे आणि आधारवर सासरचं. महात्मा फुले योजनेत बसतंय का? गाठ निघाली म्हणजे काम झालं का अजून काही करावं लागतं? आणि एक विचारायला कसंतरी वाटतंय पण विचारतो, अशी माणसं वाचतात का? इंटरनेटवर बघितलं तर रात्रभर झोप नाही आली. ज्यांच्या घरात झालंय त्यांनी सांगा, प्लीज.

लालबागकर

भावा, सगळ्यात आधी आईला धीर दे. माझ्या मावशीचं सगळं टाटाला झालं, मी तीन वर्षं तिथल्या चकरा मारल्यात त्यामुळे जे पाहिलंय ते सांगतो.

माझं मत विचारशील तर सरळ परळला ये. १९४१ पासूनचं हॉस्पिटल आहे, देशातली सगळ्यात जास्त पेशंट बघितलेली माणसं तिथं बसलीत. सकाळी लवकर नंबर लावायचा, सगळे रिपोर्ट ओरिजिनल आणि आईचं आधार. फाईल काढताना जनरल का प्रायव्हेट विचारतात तिथं जनरल सांगायचं, डॉक्टर तेच असतात, फक्त वेळ जास्त जातो. पैसे कार्डात भरतात, त्यातून कापले जातात.

वेळ जास्त म्हणजे खरंच जास्त हां. ओपीडीत पाच-सहा तास बसायची तयारी ठेव, एका दिवसात रक्त, एका दिवसात सोनोग्राफी असं होत नाही, तारखा मिळतात. राहायला दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन आहे, पण दोन्हीकडे जागा लगेच मिळेलच असं नाही. बाहेर फूटपाथवर ताडपत्री लावून स्टोव्हवर भात शिजवणारी कुटुंबं बघशील, बिहार बंगालकडून आलेली, त्यातलीच एखादी बाई किमो लावून येऊन तिथंच आडवी झालेली असते. मावशीला आम्ही लालबागला घर असल्यामुळे ठेवू शकलो, हे मान्य करतो.

रेल्वेत कॅन्सर पेशंटला आणि सोबतच्या एकाला तिकिटात मोठी सवलत असते, हॉस्पिटलमधून फॉर्मवर सही शिक्का घ्यायचा. एसटीत तर बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहेच.

निसर्गाकडे_परत

किमो म्हणजे विष, ते देऊन देऊन माणूस मारतात आणि नाव कॅन्सरचं. आमच्या ओळखीत एक वैद्य आहेत, गोमूत्र अर्क आणि काढा ४५ दिवस, गाठी विरघळलेल्या डोळ्यांनी पाहिल्यात. एकदा ट्राय करायला काय जातं? पर्सनल मेसेज करा.

रेसिडेंट_मिरज

काय जातं ते सांगतो. ४५ दिवस जातात. बाकी काही नाही.

सीनाकाठचे दादा, मी सर्जरीचा रेसिडेंट आहे, कॅन्सर स्पेशालिस्ट नाही, पण अशा केसेस आठवड्याला बघतो. तुमच्या सर्जननं जे केलं त्याची चीड येते मला, कारण हे फार ठिकाणी चालतं. पन्नाशीच्या बाईची छातीतली गाठ सुई न घालता, फोटो न काढता साधी म्हणून कापून काढायची नसते. आधी जाड सुईनं तुकडा घेऊन तपासला असता तर ऑपरेशन एकदाच आणि नीट ठरवून झालं असतं. पण जे झालं त्यानं आईचा चान्स गेला असं अजिबात समजू नका. आणि काकांना सांगा, लोखंड लागल्यानं पसरत नाही. आधीच पसरलेल्या गाठीवर कुणीतरी चाकू लावतो आणि मग चार महिन्यांनी बाई दगावली की लोक चाकूला नाव ठेवतात.

आता पहिलं काम, आणि हे उद्याच करा. सोलापूरच्या त्या लॅबमध्ये जाऊन गाठीचे ब्लॉक आणि स्लाईड मागून घ्या. ब्लॉक म्हणजे मेणाचा छोटा चौकोनी तुकडा असतो, काडेपेटीपेक्षा लहान, प्लास्टिकच्या जाळीच्या डबीवर, त्यात आईच्या गाठीचा भाग बसवलेला असतो. तो तुमचा आहे, पेशंटला तो मागायचा हक्क आहे, अर्ज लिहून द्यायचा आणि सही करून घ्यायचा. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका, वितळतो. त्याच ब्लॉकवर आयएचसी नावाची तपासणी होते, ईआर, पीआर म्हणजे गाठ बाईच्या हार्मोनवर वाढते का, आणि हर-टू म्हणजे गाठ वेगानं वाढवणारं एक प्रथिन, या तीन गोष्टी कळल्याशिवाय कुठलाही शहाणा डॉक्टर पुढचं बोलणार नाही. ईआर पॉझिटिव्ह आलं तर टॅमॉक्सिफेन किंवा लेट्रोझोलसारखी रोजची गोळी मिळते, पाच वर्षं, कधी दहा. टॅमॉक्सिफेनचा रोजचा खर्च हॉटेलातल्या कटिंगपेक्षा कमी आहे आणि ती नीट घेतली तर अशा बायकांत मृत्यूचं प्रमाण तिसऱ्या हिश्श्यानं कमी होतं, इतकं स्वस्त आणि इतकं कामाचं औषध आख्ख्या कॅन्सरमध्ये दुसरं सापडणं अवघड. हर-टू पॉझिटिव्ह आलं तर मात्र ट्रॅस्टुझुमॅब लागतं, वर्षभर दर तीन आठवड्यांनी. २०१४ पासून देशी बनावटीचं मिळायला लागल्यावर किंमत उतरली तरी आपल्यासारख्यांना ते जडच, तेव्हा ते योजनेत कसं बसवायचं हे तिथल्या डॉक्टरांशी बोलावं लागतं.

गाठ निघाली म्हणजे काम झालं का, तर नाही. मार्जिन माहीत नाही म्हणजे कडेला काही राहिलंय का हे माहीत नाही, आणि काखेतल्या गाठी, म्हणजे सगळ्यांनाच असतात त्या लसिका ग्रंथी, त्यात कॅन्सर पोचलाय का हे तर बघितलंच नाही. बहुतेक दुसरं ऑपरेशन लागेल. मग किमो, मग कदाचित शेक, म्हणजे रेडिएशन. ऑपरेशननंतर महिना-दीड महिन्यात किमो सुरू झाली पाहिजे, तीन महिन्यांच्या पुढं गेलं की निकाल बिघडतो हे अभ्यासात दिसलंय. शेकाचं एक चांगलं आहे, पूर्वी पाच आठवडे रोज जावं लागायचं, आता बऱ्याच ठिकाणी १५ वेळात म्हणजे तीन आठवड्यांत उरकतात आणि फरक पडत नाही.

वाचतात का म्हणून विचारलंत. २०१२-१५ च्या दरम्यानच्या नोंदी बघितल्या तर आपल्या देशात निदानानंतर पाच वर्षं जगणाऱ्या बायका शंभरात साधारण ६६ होत्या, अमेरिकेत ९० च्या आसपास. हा आकडा आईला लावू नका कारण त्यात छातीला जखम होऊन वास सुटल्यावर आलेल्या बायकाही आहेत. तुमच्या आईची गाठ २.६ ची. काखेचं काय निघतं ते बघू, पण लवकर आलेल्या आणि पूर्ण ट्रीटमेंट घेतलेल्या बायकांचं चित्र या सरासरीपेक्षा बरंच चांगलं असतं.

आता बार्शी की मुंबई. लालबागकर भाऊंचा अनुभव खरा आहे, टाटाबद्दल दुमत नाही. पण बार्शीच्या नर्गीस दत्त हॉस्पिटलला लोक उगाच कमी लेखतात. देशातली पहिली खेड्यापाड्यांतली कॅन्सर नोंदणी १९८७ ला तिथंच सुरू झाली, टाटाच्या मदतीनं. आणि तुम्ही परांड्याचे ना? तुमच्याच जिल्ह्यात, तेव्हाच्या उस्मानाबादेत, १९९९ पासून गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी एक लाख तीस हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, एकदाच एचपीव्हीची, म्हणजे तो कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची, टेस्ट केली तरी त्या कॅन्सरनं होणारे मृत्यू निम्म्यानं घटतात हे जगाला तिथून कळलं, २००९ ला छापून आलं. बार्शीचीच माणसं गावोगाव फिरत होती. तुमच्या आईला किंवा चुलतीला विचारा, शाळेत बायकांची तपासणी झाल्याचं आठवत असेल. किमोची औषधं सगळीकडे तीच असतात. टाटाच्या पुढाकारानं २०१२ ला नॅशनल कॅन्सर ग्रिड उभं राहिलं ते याचसाठी, की बाईला मुंबई गाठावी न लागता जवळच्या दवाखान्यात त्याच पद्धतीनं उपचार व्हावेत.

एक गोष्ट सांगू की नको असं झालंय पण सांगतो, पुढं कुणी वाचेल त्याच्या कामी येईल. टाटाच्या डॉक्टर राजेंद्र बडवेंच्या टीमनं २०२३ मध्ये एक अभ्यास छापला, ११ सेंटर, १६०० बायका. ऑपरेशनला चाकू लावायच्या सात-दहा मिनिटं आधी गाठीच्या भोवती साधं लिग्नोकेन टोचायचं, दाढ काढताना देतात ते भुलीचं औषध. बस एवढंच. पाच वर्षांनी टोचलेल्यांपैकी ९०.१ टक्के जिवंत होत्या, न टोचलेल्यांपैकी ८६.४. औषधाचा खर्च शंभराच्या आसपास. तुमच्या आईची गाठ आधीच निघाली म्हणून तिला आता याचा उपयोग नाही. म्हणूनच सुई आधी, चाकू नंतर.

कोरेगावची_काकू

बाळा, माझं २०१६ ला झालं, उजवी बाजू, पूर्ण काढली. आज मी शेतात जाते, नातीला शाळेत सोडते आणि इथं येऊन तुम्हा पोरांची भांडणं वाचते. वाचतात का विचारलंस ना, त्याचं उत्तर.

डॉक्टर साहेबांनी औषधाचं सांगितलं, मी घरातलं सांगते जे कुणी सांगत नाही. ऑपरेशन झाल्यावर बरगडीपाशी नळी ठेवतात, तिला ड्रेन म्हणतात, टोकाला डबी, त्यात लालसर पाणी जमतं. ती नळी घेऊनच घरी पाठवतात. मी जुन्या ब्लाउजपीसची पिशवी शिवली आणि ती डबी गळ्यात अडकवली, साडीच्या पदराखाली दिसत पण नाही. रोज किती पाणी आलं ते मोजायचं आणि मी कालनिर्णयवर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहायचे, ऐंशी, साठ, पंचेचाळीस, डॉक्टर आकडे बघून नळी काढतात. आमच्या ह्यांनी एकदा तो आकडा दुधाचा समजून गवळ्याला पैसे दिले, जाऊदे.

हात वर करायचा व्यायाम चुकवू नको म्हणावं आईला. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, जिथवर पोचेल तिथं खडूनं रेघ. पहिल्या दिवशी माझी रेघ लाईटच्या बटनाच्या खाली होती, दीड महिन्यानं फडताळाच्या वरच्या फळीला हात लागला. त्या बाजूच्या हातात इंजेक्शन, सलाईन, बीपीचा पट्टा नको. घागर त्या हातानं उचलायची नाही, बांगडी घट्ट नको, विळा लागला खरचटलं तर लगेच धुऊन औषध. मी दुसऱ्या वर्षी हरभरा उपटायला गेले अन् हात खांद्यापासून सुजला तो अजून पुरता उतरला नाही. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर.

किमोत लाल औषध देतात त्यानंतर लघवी लाल होते, घाबरू नको, रक्त नाही ते. तोंड येतं, भाकरी गिळवत नाही, ताकात कुस्करून किंवा कण्या शिजवून दे, मीठ सोडा टाकून गुळण्या. आणि एक लक्षात ठेव बाळा, किमोनंतर आठ-दहा दिवसांनी पांढऱ्या पेशी उतरतात, त्यात ताप आला की क्रोसिन देऊन झोपवायचं नाही. घरात थर्मामीटर आणून ठेव, १००.४ च्या वर गेला की रात्रीचे दोन असले तरी दवाखाना. आमच्या वॉर्डातली एक फलटणकडची बाई सकाळी जाऊ म्हणून थांबली होती.

छातीच्या जागी मी कापसाची गादी शिवते, आत मूठभर मोहरी घालते, वजन येतं, नाहीतर ब्लाउज वर सरकतो. दुकानात मिळतं ते मला परवडण्यासारखं नव्हतं आणि आता सवय झाली. आईला हवं असेल तेव्हा माप पाठव, मी शिवून देईन.

सीनाकाठचा

तुम्हा सगळ्यांचं वाचून डोळ्यात पाणी आलं, खरंच. आजच सोलापूरला जाऊन ब्लॉक आणला, लॅबवाला आधी डॉक्टरांची चिठ्ठी मागत होता, अर्ज लिहून दिला मग दिला. हातात घेतल्यावर कसंतरीच झालं. एवढासा.

चुलतीला विचारलं, तिला आठवतंय, शाळेच्या पडवीत पडदे लावून तपासणी झाली होती, आईपण गेली होती म्हणे.

मामा अजून मुंबईवरच अडून बसलेत. म्हणतात पैशासाठी आईला बार्शीला ठेवलं असं उद्या लोक म्हणतील. आणि बहीण ३१ ची आहे, तिनं मॅमोग्राफी करावी का?

गुरुजी_औसा

मी सहसा वाचतो फक्त. पण तुमच्या मामांचं वाक्य वाचून राहवलं नाही.

लोक काय म्हणतील, हाच विचार मी २०१४ ला केला होता. पत्नीची गाठ तिसऱ्या स्टेजची होती. मी प्राथमिक शिक्षक, अगदीच गरीब नाही, योजनेत बसत नव्हतो आणि कर्ज काढायची तयारी होती. मुंबईतल्या मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं होतं की किमो लातूरला किंवा सोलापूर-बार्शीकडे घेता का, आम्ही पत्र देतो, ऑपरेशनला इकडं या. मला वाटलं हे आम्हाला टाळायलेत. मी हात जोडले, म्हणालो नाही साहेब, सगळं इथंच करा.

आठ किमो ठरल्या होत्या. दर एकवीस दिवसांनी लातूरहून रात्रीची गाडी, आदल्या दिवशी रक्त, पेशी कमी आल्या की तीन दिवस थांबा म्हणायचे, मग धर्मशाळेत जागा नाही म्हणून लॉज, परत येताना ती खिडकीला डोकं टेकवून पिशवीत ओकत यायची. तीन किमो झाल्या. गाठ निम्म्यावर आली, हाताला मऊ लागायला लागली, ती हसायला लागली होती. मग मोठीची दहावीची परीक्षा आली, मला निवडणुकीची ड्युटी लागली, पेरणी आली. ती स्वतःच म्हणाली आता बरं वाटतंय, एक किमो पुढं ढकलू. मीही हो म्हणालो. खरं सांगायचं तर मलाही सुटल्यासारखं वाटलं होतं.

एकाच्या जागी पाच महिने गेले. परत गेलो तेव्हा फुप्फुसात होतं. २०१७ ला गेली.

दवाखान्याची काही चूक नव्हती, वैद्याकडे गेलो नाही, काढा घेतला नाही. फक्त लांबचं ठिकाण निवडलं आणि तिथवर आठ वेळा पोचायची ताकद आमच्यात आहे का हे मोजलं नाही. आता कुणी विचारलं तर मी पहिला प्रश्न हाच करतो की सातवी किमो घ्यायच्या दिवशी, जेव्हा कुणाच्याच अंगात उत्साह नसेल आणि घरात दुसरं काहीतरी निघालेलं असेल, तेव्हा तुम्ही कुठं पोचू शकाल? तुमच्या मामांना माझा निरोप द्या. बार्शीला नेलं म्हणून लोक दोन दिवस बोलतील.

लालबागकर

गुरुजी, काय बोलू कळत नाही. माझं वरचं मत मागे घेतो. एकदा कागद टाटाला दाखवून सल्ला घ्यायला हरकत नाही, पण किमो घराजवळच घे भावा.

रेसिडेंट_मिरज

गुरुजींनी जे सांगितलं त्यापुढं माझे आकडे ठेवून द्यावेत.

बहिणीबद्दल: ३१ व्या वर्षी उगाच मॅमोग्राफी नको, त्या वयात नीट दिसतही नाही. तिला स्वतःच्या छातीची ओळख असू दे, काही वेगळं लागलं तर सोनोग्राफी, आणि उपकेंद्रात नर्स तीस वर्षांवरच्या बायकांची हातानं तपासणी करतात ती करून घ्यायची. लोक त्याला हसतात, हातानं काय कळणार म्हणून. टाटानं मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला, त्यातल्या साधारण निम्म्यांची साधं शिक्षण घेतलेल्या बायकांना शिकवून दर दोन वर्षांनी अशी चार वेळा हातानं तपासणी, बाकीच्यांची नाही. सगळ्या वयांचं मिळून बघितलं तर मृत्यूंतला फरक ठाम म्हणता येईल एवढा नव्हता, पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांत छातीच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. मशीन नाही काही नाही. तुमच्या आईच्या वयाच्या गावातल्या सगळ्या बायकांना घेऊन जा म्हणावं बहिणीला.

सीनाकाठचा

महिन्यानं लिहायलोय, सॉरी, धावपळच तेवढी होती.

बार्शीलाच गेलो. मामा पण सोबत आले, गुरुजींचं लिहिलेलं मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, ते उठून बाहेर गेले आणि आल्यावर म्हणाले कधी निघायचं. नावाचा घोळ निघालाच, आरोग्यमित्र, म्हणजे दवाखान्यात योजनेचं काम बघणारा माणूस, म्हणाला दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असं प्रतिज्ञापत्र आणा, तहसीलला एक दिवस गेला. योजनेत मंजुरी आली. आयएचसीचे आणि आधीच्या तपासण्यांचे पैसे मात्र खिशातून गेले.

ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह. दुसरं ऑपरेशन झालं, काखेतल्या १४ गाठी काढल्या त्यातल्या दोनमध्ये निघालं. डॉक्टर म्हणाले किमो लागणार, मग शेक, मग गोळी. हृदयाचा टू-डी एको झाला, नॉर्मल आहे. पहिली किमो पुढच्या मंगळवारी. कंपनीत सुट्टी मिळंना म्हणून नोकरी सोडली, बघू पुढचं पुढं.

ज्वारी भावकीनं इर्जिक घालून काढली, आईला बांधावर खुर्ची टाकून बसवलं होतं, ती तिथूनही कुणाचं कणीस सांडलं ते ओरडून सांगत होती.

काकू, ड्रेनची पिशवी तुम्ही सांगितली तशीच शिवली, काल नळी निघाली. दाराच्या चौकटीवर खडूच्या रेघा चालू आहेत, आज कडीच्या दोन बोटं वर. आईचे केस कमरेपर्यंत आहेत. ती विचारायलीय, गळायच्या आधीच कापून टाकावेत का गळू द्यावेत? माझ्यापाशी नाही बोलली, बहिणीपाशी बोलली.

कोरेगावची_काकू

आधी कापा. पंधरा-वीस दिवसांत जायला लागतात आणि मग उशीवर, ताटात, न्हाणीच्या जाळीत, जिकडंतिकडं. मी गळू दिले होते, ती चूक केली. न्हाव्याला घरी बोलवू नका, लाजते बाई, बहिणीनंच कापावेत, आधी तेल लावून वेणी घालायची आणि वेणीसकट कापायची. कापलेली वेणी टाकू नका म्हणावं. माझी गळलेल्या केसांची गुंडाळी अजून पत्र्याच्या डब्यात आहे, वेणी असती तर बरं झालं असतं.

आणि ब्लाउजचं माप पाठव.